झुलत्या खाटेचा आख

माय, तुझी नात काल घरी आली. तू तिला पाहिलं नाहीस. ती जन्मायच्या आधीच तू गेलीस. तापात तिचे पाय गेले आणि छातीचा जोरही. जागी असताना श्वास तिचा ती घेते, डोळा लागला की तो कमी पडतो. नागपूरच्या दवाखान्यात आधी ती श्वास देणाऱ्या लोखंडी पेटीत होती, मान तेवढी बाहेर. नंतर झुलत्या खाटेवर. पायाकडची बाजू खाली गेली की पोट सरकतं आणि छातीत हवा शिरते. डोक्याकडची खाली गेली की हवा बाहेर. तिथं ती विजेवर झुलते. आपल्या गावात वीज कुठली? मी ती खाट वितीनं मोजून घेतली आणि घरी तशीच सागवानी केली, मधोमध बैलगाडीचा आख आडवा घालून, दोरीनं ओढायची. मला कोणी शिकवलं नाही, हे सांगायला संकोच वाटत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, ओढणार कोण? मी म्हणालो, मी. "आणि तुम्ही झोपल्यावर?" "मी झोपत नाही." ते म्हणाले, "मग मुलगी इथंच राहील. आणखी माणसं तयार करा."

माणसं होती, पण मला कोणाचाच हात पटेना. बायकोचा झोका मोठा, भावाचा अर्धवट. तेव्हा तू आठवलीस. तू चुलीपुढं भाकर थापते आहेस, पाळण्यात बहीण, दोरी माझ्या हातात, आणि मी भावाला ती धरू देत नाही. तू मागं न बघताच म्हणतेस, "सारं तुलेच येते काय रे? दे त्याले. चुकन तं चुकन."

दिली. वॉर्डातच, मोटर बंद करून, खाटेला दोरी बांधून, डॉक्टरांसमोर आम्ही आळीपाळीनं खाट झुलवली: बायको, भाऊ, भावजय, मी. माझ्या पाळीला पोरगी जागी झाली. "बाबा, तू लय मोजतं. मायच्या हातानं झोप येते." डॉक्टर हसले. मी हसलो नाही. पण त्यांनी घरी न्यायला परवानगी दिली.

काल मोटारीत तिला झोपू द्यायचं नव्हतं. भावजयीनं वाटभर भांडण चालू ठेवलं. "डोया लागून राह्यला का व? माही बांगडी चोरली ना तुनं, सांग आधी!"

"मी कायले चोरू? तुनंच हरवली, काकू!"

आज दुपारी ती झोपली. दोरी बायकोच्या हातात. मी अंगणात गिऱ्हाइकाच्या गाडीचं चाक बसवत होतो. आत आख करकरत होता. गिऱ्हाईक म्हणालं, "काय मिस्त्री, गावाच्या गाड्याईले ओंगण घालता अन् घरचा आख कोरडा?"

"ओंगण संपलं," मी म्हणालो.

ओंगणाचा डबा भरलेला आहे, माय. पण आख गप्प झाला तर दोरी चालू आहे की थांबली, हे मला अंगणात कसं कळायचं? बायकोला हे सांगितलेलं नाही. तुला सांगतो, कारण हा कागद कुठं जायचा नाही.