युहान्नुसआधीची फुली

टांपेरे
३ नोव्हेंबर

प्रिय कीर्सीताई,

तुझं पत्र मिळालं. तुम्ही सगळे बरे आहात हे वाचून जिवात जीव आला. इथे पहिला बर्फ पडून विरघळलासुद्धा, रस्त्यात नुसता रेंदा आहे. आमची आन्नी खोकते आहे, पण शाळा बुडवण्याइतकी नाही, याचं तिला फार वाईट वाटतं.

तुझ्या नव्या लॅपटॉपवर आपला दोघांचा कामांच्या यादीचा प्रोग्रॅम कसा घालायचा ते कळव म्हणतेस. वर बजावलंस, “फोनवर सांगू नकोस, तू मास्तरासारखा ओरडतोस. कागदावर लिही.” ओरडतो खरा. म्हणून हा कागद.

सोबतचा पेन ड्राइव्ह लाव. मग ती काळी खिडकी उघड, जिला तू विहीर म्हणतेस. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. लिहायचं आणि एंटर दाबायचं, बस्स. वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे, ती जशीच्या तशी उतरव, मधल्या मोकळ्या जागांसकट. मग पासवर्ड मागेल. टाइप करताना काहीच उमटणार नाही. ते तसंच असतं. मागच्या वेळेसारखा कीबोर्ड उलटा करून झटकू नकोस.

मिनिटभर ओळी धावतील. थांबल्या की ‘लिस्ता’ असं लिही. तो नाव विचारेल, ते दे. यादी कुठे ठेवू असं विचारेल, तिथे नुसतं एंटर. शेवटी विचारेल की जुनी यादी सापडली आहे, आत घेऊ का? इथे n दाब, म्हणजे नाही. जुन्यात आता काय उरलंय? बाबांच्या गोळ्या, बाबांची जळणाची लाकडं, बाबांचे लोकरी मोजे. बघून तुला त्रासच होईल. नव्या लॅपटॉपवर नवी यादी बरी.

झालेल्या कामाचा आकडा लिहून पुढे x दाबलास की फुली पडते आणि ओळ निघून जाते, हे तुला माहीत आहेच.

आरोग्य केंद्राविरुद्ध तक्रार करणार म्हणतेस. घाई करू नकोस, ताई. त्याने बाबा काही परत येणार नाहीत.

तुझा
यार्को

टांपेरे
११ नोव्हेंबर

कीर्सीताई,

काल तुझं उत्तर आलं. तुझेच शब्द परत लिहितो, म्हणजे मला त्यांच्या आडून निसटता येणार नाही.

“अरे शहाण्या, तुझी लिस्ता बसली, पण रिकामी! मला जुनीच हवी होती, नाहीतर एवढा उपद्व्याप कशाला केला असता? दूध आणायचं मला लिहून ठेवावं लागत नाही. जूनमध्ये तू आरोग्य केंद्राला फोन केलास ती ओळ छापून मला तक्रारीला जोडायची आहे. ती नर्स मिएत्तिनेन म्हणते, असा फोन आलाच नाही. माझ्या तोंडावर म्हणते! मीही मग तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं. बाबा युहान्नुसला, उन्हाळ्यातल्या एवढ्या मोठ्या सणाला, सौनात वाफ घ्यायलासुद्धा गेले नाहीत रे. शेजारची राउहा बोलवायला आली, तर म्हणाले, ‘नको, दवाखान्याचा फोन येणार आहे.’ तीन दिवस फोनपाशी बसून होते. पुढच्या गुरुवारी तक्रार टाकतेय. त्या बाईची नोकरी गेली तरी मला वाईट वाटणार नाही.”

ताई, ती बाई खोटारडी नाही. मी फोन केला नव्हता.

आमच्या ऑफिसात युहान्नुसआधीच्या गुरुवारी यादी रिकामी केल्याशिवाय कोणी सुट्टीसाठी तळ्याकाठच्या कॉटेजला जात नाही. ती रीत मीच पाडली. शेवटची फुली पडली की पडद्यावर येतं, “काही उरलं नाही, जा आता.” मग सगळे टाळ्या वाजवतात आणि तो माणूस बॅग उचलतो. त्या दिवशी चार वाजता शेवटचा मी उरलो होतो. माझ्या पडद्यावर ऑफिसची आणि आपली घरची यादी एकत्रच दिसते; त्यात तू सकाळी घातलेली एकच ओळ उरली होती. बाबांचे पाय सुजलेत, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागते, आजच केंद्राला फोन कर. तुला तर ठाऊक आहे, तिथे नंबर ठेवायचा आणि त्यांच्या फोनची वाट बघायची, कधी तास, कधी तीन तास. आन्नी आणि तिची आई मारीत खाली गाडीत बसून होत्या. बाकीचे हात वर करून टाळीसाठी थांबले होते. कोणीतरी म्हणालंही, “आटप रे, तळं आटेल तोवर!” मी मनात म्हटलं, सोमवारी आठला पहिला फोन हाच. आणि फुली मारली. मला टाळ्या मिळाल्या.

तुझ्या फोनवर ती ओळ गेलेली दिसली, म्हणून तू बाबांना सांगितलंस, “यार्कोने कळवलंय, त्यांचा फोन येईल, घरीच थांबा.” त्यात तुझं काही चुकलं नाही. एकाने केलेलं दुसऱ्याला पुन्हा विचारावं लागू नये, म्हणूनच तर आपण एक यादी केली होती. मी फुली मारली नसती तर तू स्वतः फोन केला असतास, किंवा बाबांनीच केला असता. रविवारी राउहाला ते खुर्चीत सापडले. सोमवार उजाडायच्या आतच माझं ते काम संपलं होतं.

अंत्यविधीनंतर कॉफी घेताना तू सगळ्यांना म्हणालीस, “आमच्या यार्कोने तरी वेळेवर कळवलं होतं.” माझ्या तोंडात घास होता. मी मान हलवली. पाच महिने झाले, ती मान हलवल्याची लाज फुलीपेक्षा जास्त खाते.

तुला n दाबायला सांगितलं ते तुझ्या त्रासासाठी नाही, माझ्या भीतीने. पेन ड्राइव्ह भरताना ती ओळ उघडून बसलो होतो. पुसायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पुसली नाही, माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

आता विहिरीत ‘लिस्ता आण’ असं लिही आणि या वेळी y दाब. झालेल्या कामांत १९ जून, चार वाजून सहा मिनिटं, समोर माझं नाव. वाच. मिएत्तिनेनबाईंना आणि त्यांच्या वरिष्ठांना मी आज हेच सगळं लिहून पत्र टाकलं आहे, तेव्हा मला आता मागे फिरता येणार नाही. तू त्यांना काय म्हणायचं ते तू बघ. राउहाला मात्र मीच सांगेन.

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी आपण दोघं आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायला जातो. यंदा बाबाही तिथेच आहेत. मी यावं की नको, ते तू ठरव. नको म्हणालीस तर येणार नाही, आणि का म्हणून विचारणारही नाही.

फोन न केलेला तुझा भाऊ,
यार्को