एक्केचाळीस मतपत्रिका

४, सेक्स्टन गल्ली,
हॅवरबी
मंगळवार, १ मार्च १९८३

प्रिय विल्फ,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. तुझी आणि तुझ्या घरच्यांची तब्येत बरी असल्याचं वाचून बरं वाटलं. मीही ठीक आहे. आज सकाळी सातला उठले. पूर्वेचा वारा आहे, त्यामुळे चूल धरायला वेळ लागला. नऊला कोळसेवाला येऊन गेला. अकराला वाचनालयातल्या मिस ओल्डरशॉ आल्या. दुपारी खाटकाकडे जाऊन आले. मग खिडक्यांच्या काचा पुसल्या, ज्या परवाच पुसल्या होत्या. हे पत्र तिसऱ्यांदा सुरू करते आहे.

सिरिलच्या अंत्यविधीला बरीच माणसं आली होती. त्याची शाळा सोडून तीस-तीस वर्षं झालेले बाप्येही मागच्या बाकांवर टोप्या हातात घेऊन बसले होते. त्याला त्रास फार झाला नाही. शेवटचे चार दिवस तो बोलत नव्हता, पण आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात तो एरवीही कुठे बोलायचा.

इथली बातमी म्हणजे आपला मतदारसंघ जाणार. पार्लमेंटात आता नुसता हात वर व्हायचा बाकी आहे, असं म्हणतात. नदीच्या अलीकडचे आपण किनाऱ्यावरच्या गावांना जोडले जाणार आणि पलीकडचे काउंटीच्या शहराला. पुढच्या निवडणुकीत हॅवरबी हे नाव मतपत्रिकेवर नसेल. खाटकाकडे रांगेत याच गप्पा होत्या. टेड फ्लिंटम (तुझ्या वर्गातल्या जॉर्जचा धाकटा) सुरी पुसत मला म्हणाला, “काय मिसेस पिकवर्थ, आता आपल्याला खासदार हवा असेल तर बस बदलून जावं लागणार.”

मागून कोणी म्हणालं, “हा जो होता तो तरी कुठे सापडत होता?”

“सापडायचा की! दर पाच वर्षांनी, तीन आठवडे.”

सगळे हसले. मीही हसले असेन. जेवणाला बकऱ्याच्या किडन्या घ्यायला गेले होते, त्या न घेताच परत आले.

मिस ओल्डरशॉ आल्या त्या याच कामाला. १८८५ पासून आजवरच्या सगळ्या निवडणुकांचे निकाल टाइप करून, काचेत लावून, वाचनालयाच्या जिन्यात टांगायचे आहेत. हे काम सिरिलनेच अंगावर घेतलं होतं. निवृत्त झाल्यापासून तो जुनी वर्तमानपत्रं धुंडाळत असायचा. सगळं एका वहीत आहे. १९०६ ला लिबरलांनी जागा कशी घेतली, १९१० ला एकाच वर्षात दोनदा मतदान होऊन दोन्ही वेळी तेच दोघे कसे लढले, १९३१ ला विरोधात कोणीच न उभं राहिल्यामुळे गावाला मत द्यावंच कसं लागलं नाही, सगळं. मिस ओल्डरशॉ म्हणाल्या, “मास्तरांचं अक्षर म्हणजे छापच. तुम्ही फक्त एकदा नजर टाका आणि शुक्रवारी पाठवून द्या.”

त्या गेल्यावर मी नजर टाकली. पण आधी वरच्या खोलीत जाऊन आले, परसात जाऊन आले, मग टाकली. १९५१ च्या पानावर तुझं नाव आहे. विल्फ्रेड डॉब्नी, लेबर. २३ मतांनी पराभूत. खाली लिहिलंय: ‘खूण नसल्यामुळे बाद मतपत्रिका ४१, वीटभट्टी केंद्र. कारण: केंद्राध्यक्षाची चूक.’

केंद्राध्यक्ष सिरिलच होता. हे आता काचेत लागणार.

आणि तू लिहिलं आहेस, “सिरिलला मी केव्हाच माफ केलं, एवढं तुला कळावं.” चांगल्या मनानेच लिहिलं आहेस, मला माहीत आहे. पण शनिवारपासून मला एका जागी बसवत नाही. चहा ओतते आणि तसाच निवतो. टिमारूहून इतक्या वर्षांनी पत्र आलं आणि त्यात हे वाक्य. ते मी घरात राहू देऊ शकत नाही.

त्या दिवशी केंद्रावरचे कारकून आजारी पडले, म्हणून आयत्या वेळी मला बसवलं होतं. उमेदवाराची बहीण म्हणून सिरिल आधी तयार नव्हता. “लोक बोलतील,” म्हणाला. मी म्हटलं, बोलायला काही ठेवणारच नाही. साडेबारापर्यंत मी यादीवर खुणा करत होते आणि तो मतपत्रिका देत होता. देण्याआधी प्रत्येक कागद पंचच्या यंत्रात दाबायचा, म्हणजे बारीक भोकांची खूण उठते. ती खूण नसेल तर मत बाद, हे तुला मी सांगायला नको. मग तो जेवायला घरी गेला. जाताना म्हणाला, “अर्धा तास. आता दोन्ही तुझ्याकडे.”

तो गेला आणि वीटभट्टीची सुट्टी झाली. सगळे एकदम आले, अंगावर लाल धूळ, एकेकाचं मत कुणाला हे मला तोंडपाठ. पुढे म्हातारा जेथ्रो बर्केट.

मी म्हटलं, “नाव आणि पत्ता?”

“अगं एनिड, काल माझ्याकडून अंडी नेलीस ना?”

“नाव आणि पत्ता सांगा.”

“ऐका रे! मी हिच्या बारशाला होतो आणि ही मला नाव विचारतेय. बर्केट, जेथ्रो. पत्ता तुझ्या बापाच्या शेजारी. लिही!”

मागे हशा पिकला. कोणी ओरडलं, “उद्या भाऊ पार्लमेंटात गेला की ही आपल्याला पासपोर्ट मागेल!”

विल्फ, मला इतका आनंद झाला होता आणि तो दिसू नये म्हणून मी इतकी धडपडत होते, की मान वर केली नाही. हसले नाही, कुणाकडे पाहिलं नाही. दुमडलेला कागद पेटीत टाकण्याआधी मागची खूण मला दाखवायचा नियम आहे. मी तिकडेही पाहिलं नाही, कुणाचं मत चुकून दिसेल म्हणून. नाव, रेघ, कागद. नाव, रेघ, कागद. एक्केचाळीस जण. पंच माझ्या उजव्या हाताशी होता.

सिरिल आला तेव्हा शेवटचे दोघे दारातून बाहेर पडत होते. त्याने विचारलं, “खूण करते आहेस ना?” मी म्हटलं, “हो.” विचार करण्याआधीच म्हटलं. आणि म्हणत असतानाच मला कळलं.

दुसऱ्या दिवशी धान्यबाजाराच्या इमारतीत मतमोजणीला पेट्या पडताळताना ते कागद निघाले, ते तू पाहिलंस. अडतीस तुझे होते. मुख्य अधिकाऱ्यांनी विचारलं, केंद्रावर जबाबदार कोण? सिरिल म्हणाला, “मी.” त्या वेळी तो माझ्याकडे बघत नव्हता, म्हणून मला कळलं की त्याला ठाऊक आहे. तू सगळ्यांदेखत त्याला म्हणालास, “तुझा बाप समोरच्या पक्षाचा, तूही त्यांचाच. निदान तोंडावर सांगून तरी पाडायचं होतंस.” मी भिंतीशी उभी होते. अंगात माझा हिरवा कोट होता. मी काही बोलले नाही.

घरी येताना पुलावर मी त्याला म्हटलं, मी आत्ता जाऊन सांगते. तो म्हणाला, “नको. त्याला रागवायला कोणीतरी लागणारच. मेहुणा परका असतो. बहिणीवर रागावला तर जाईल कुठे?”

तू पुढच्याच वसंतात न्यूझीलंडला, टिमारूला निघून गेलास.

त्यानंतर मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा तो म्हणाला, “झालं ते झालं.” मोठ्या शाळेची जागा त्याला मिळाली नाही. मुलाखतीला बसलेल्यांपैकी एकाने विचारलं म्हणे, “मास्तर, हजेरी तरी नीट घेता ना?” हे त्याने मला हसत सांगितलं होतं. मी हसले नाही, पण बोललेही नाही. आईला सांगणार होते, ती गेली. तुला दर नाताळला कार्ड पाठवलं आणि प्रत्येक वेळी हवेबद्दल लिहिलं. लिहायला सोपी असते हवा.

तू विचारशील, आता का? तो गेल्यावर सांगणं सोपं, असं म्हणशील. खरं आहे ते. तो असताना सांगितलं असतं तर त्याने केलेलं पुसल्यासारखं झालं असतं, असं मी स्वतःला समजावत आले. पण खरं कारण एवढंच, की मला तुझी भीती वाटत होती. आजही वाटते. हे वाचून तू पुन्हा कधी लिहिलं नाहीस, तर मला माझं कोणी उरणार नाही. तरीही ती माफी चुकीच्या पत्त्यावर गेली आहे. ती परत घे. मला दे असं मी म्हणत नाही.

लिहिता लिहिता उठून वही घेऊन आले. ‘केंद्राध्यक्षाची’ या शब्दावर एक रेघ मारली आणि वर लिहिलं: ‘कारकून श्रीमती एनिड पिकवर्थ, उमेदवाराची बहीण, हिची.’ त्याच्या छापील अक्षरात माझं अक्षर वाकडं दिसतं. दिसू दे. शुक्रवारची वाट बघणार नाही, उद्या वाचनालय उघडलं की स्वतः नेऊन देईन. मिस ओल्डरशॉ चकित होतील, मग कळलं म्हणतील, मग गावाला कळेल.

शाई अजून ओली आहे. वही उघडीच ठेवली आहे. तोवर मी हा निवलेला चहा ओतून देते आणि कप धुऊन पालथा घालते.

तू म्हणशील तरच तुझी,
एनिड