बाहेरून बसणारी मुलं

९ डिसेंबर, सोमवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही असाल, असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. चिंगीचा खोकला गेला. यांची कंबर अजून धरलेलीच आहे. दुकानात चष्म्यांच्या नव्या फ्रेमा आल्यात, तुझ्या नाकाला शोभेल अशी एक मी बाजूला काढून ठेवली आहे.

दोन गल्ल्या सोडून राहते आणि पत्र काय लिहिते, म्हणून हसू नकोस. समोर बसलं की तू मुख्याध्यापिका होतेस आणि मी फ्रॉकमधली धाकटी. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणून तू मला गप्प करतेस. कागदाला तसं गप्प करता येत नाही.

मागच्या आठवड्यात वस्तीत राहणारी, धुलाईखान्यात काम करणारी बाई दुकानात आली होती. तिची मुलगी आमच्या चिंगीच्या बाकावर बसते, ती बडबडी. मोडक्या काडीचा चष्मा माझ्या हातात देता देता बाई कौतुकानं सांगायला लागली, "मोठ्या बाईंनी मला स्वतः बोलावलं, चहा पाजला. म्हणाल्या, पोरगी गुणी आहे, पण तुमची घरची बोली वेगळी, तिला परीक्षेचं दडपण येईल. शाळेच्या पटावरून नाव कमी करू, मग ती बाहेरून परीक्षेला बसेल. मी लगेच सही केली." मग जरा थांबून तिनं विचारलं, "बाहेरून म्हणजे खिडकीशी उभं राहून ऐकायचं का हो?"

ताई, माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायच्या निमित्तानं मी काउंटरखाली वाकले आणि बराच वेळ तिथंच राहिले.

त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे आले. तू काही लपवलं नाहीस, हे खरं. वरच्या कार्यालयानं तंबी दिली आहे, निकाल घसरला तर शाळा बंद करतील, शिक्षकांची पांगापांग होईल, बाहेरून बसणारी मुलं शाळेच्या निकालात धरत नाहीत, असं म्हणालीस. तुझी अडचण मला कळते गं. पण पुढे तू म्हणालीस, "ती वस्तीतली मुलं वाढली आणि शाळेची रया गेली." पटावरून कमी केलेली सगळी मुलं त्याच वस्तीतली! एकाही वकिलाचं, दुकानदाराचं पोर कच्चं नाही तुझ्या शाळेत?

अगं, माझ्या दुकानात कुणाला पाटीवरची अक्षरं दिसली नाहीत, तर आम्ही नंबर काढतो आणि चष्मा देतो. ज्यांना आधीच लख्ख दिसतं तेवढ्यांनाच आत घेऊन 'आमची सगळी गिऱ्हाइकं डोळस' असा फलक लावत नाही. तू मात्र लावलास. शाळेच्या फाटकावर, हातभर अक्षरांत: 'ध्यास शंभर टक्क्यांचा'.

ती बडबडी आली तेव्हा आपल्या भाषेत तिला 'पाणी' एवढाच शब्द येत होता. आता तिला वर्गात गप्प बस म्हणावं लागतं. पोरगी कुठून निघाली आणि कुठवर आली, याचे गुण तुमच्या कुठल्या तक्त्यात मांडतात?

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. सहामाहीत चिंगीला गणितात त्या मुलीपेक्षा कमी गुण आहेत. चिंगीनंच जेवताना विचारलं, "मग मावशीनं माझं नाव का नाही कमी केलं?" यांनी ताटात मान घातली. दुसऱ्या दिवशी ती तुझ्या खोलीत येऊन तुलाही तेच विचारून गेली. तू तिच्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "वेडे, तू घरची." घरी येऊन पोरगी उशीत तोंड खुपसून रडली. माझ्या लेकीला तू मान खाली घालायला लावलीस, ताई, आणि तीही लाड करून!

हीच का ती तू? नोकरीला लागलीस तेव्हा उन्हातान्हात घरोघर फिरून शाळेबाहेरची मुलं हाताला धरून आणायचीस. आई ओरडायची, "पोरं गोळा करतेस की गुरं?" मी तुझ्यामागून पाण्याची बाटली घेऊन हिंडायचे आणि ज्याला त्याला सांगायचे, ही माझी ताई.

म्हणून हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून ऐक. कार्यालयाकडे तक्रारीचा अर्ज गेलाय. तो माझा आहे. खाली माझं पूर्ण नाव आहे आणि चिंगीचे गुणही मीच लिहिलेत. हे म्हणाले, "घरातलं चव्हाट्यावर मांडलंस." मांडलं. गुरुवारी तपासनीस येतील. मधे दोन दिवस आहेत. त्या मुलांना तू परत बोलाव. साहेबाच्या हुकमानं नको, तुझ्या तोंडानं.

तुझ्याविरुद्ध सही केलेली,
आणि तरी तुझीच,
धाकटी


१८ डिसेंबर

ताई,

मुलं वर्गात परतली. बुधवारी सकाळी तू एकटीच वस्तीत गेलीस, हे मला धुलाईखान्यातल्या बाईनं सांगितलं. दारात उभी राहून तू "माझं चुकलं" म्हणालीस, तेव्हा ती इतकी गांगरली की तुला आत ये म्हणायचंही विसरली.

तरी तुला पदावरून काढलं. आणि ज्यांनी टक्क्यांचा बडगा दाखवला, तेच साहेब तुझ्या खुर्चीत बसून तुझी चौकशी करून गेले! त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नाही. हे मी मागितलं नव्हतं, ताई. मी मुलांना वर्ग मागितला होता, तुझा बळी नव्हे.

मी दुसरा अर्ज लिहिलाय. शिक्षाच करायची तर तंबी देणाऱ्यांपासून सुरू करा, असं त्यात आहे. वस्तीतल्या पालकांनी सह्या केल्या. पहिली त्या बाईची. मी तिला म्हटलं, "तुम्ही कशाला?" तर म्हणाली, "मोठ्या बाई चुकल्या, पण दारात त्याच आल्या. साहेब कुठं आले?"

तू माझ्याशी बोलत नाहीस, नको बोलूस. रस्त्यात मान फिरवतेस, फिरव. अर्ज मी मागे घेणार नाही. हा नाही, आणि पहिलाही नाही.

तुझी,
धाकटी