रात्रीत उतरणारी बॅटरी

औसा,
२४ जून १९९७

चि. रुद्रेश यास सुकन्याअक्काचे पुष्कळ आशीर्वाद.

नांदेडला सगळे खुशाल असतील असं धरून चालते, कारण तू स्वतःहून कधी काही कळवत नाहीस. आम्ही इकडे ठीक. तुझे दाजी मजेत आहेत, अडतीवरचं काम नेहमीसारखं चालू आहे.

नंदाची बातमी आधी सांगते. लातूरला तिचा अकरावी सायन्सला नंबर लागला. शिवाय फिजिक्सच्या ज्या क्लाससाठी लोक उदगीरहून, अगदी तुमच्या हदगावहून पोरं आणून खोल्या करून ठेवतात, त्या क्लासलाही जागा मिळाली. गल्लीत पेढे वाटले. पण तिची बॅच पहाटेची, आणि औशाहून पहिली एसटी लातूरला पोचते तोवर निम्मा तास होऊन गेलेला असतो. मी म्हटलं, हॉस्टेलला ठेवू. तर दाजी म्हणाले, तीन मजल्याच्या बिल्डिंगीत खालच्या खोलीत माझी पोरगी झोपणार न्हाई. एवढं बोलले आणि चपला घालून निघून गेले. भूकंपाला आता चार वर्षं होतील, पण आमच्याकडे अजून पुष्कळ जण पक्कं घर सोडून पत्र्याखालीच झोपतात. मीही मग ताणलं नाही. दाजींनी तिला रोज पहाटे गाडीवर सोडायचं, असं ठरलं.

आता गाडीचं रडगाणं. लग्नात तू जिला न्हाऊमाखू घालून दिलीस तीच ही फटफटी. पहाटे किल्ली फिरवली की हँडलपाशी तो लाल दिवा जेमतेम मिणमिणतो, आणि किक मारली की तोही जातो. दाजी घामाघूम होतात. ढकलूनही पाहिली, गल्लीच्या टोकापर्यंत. कुत्री मागे लागली, गाडी काही लागली नाही. म्हणतात, बॅटरी चार्ज होत नाही. मग नंदा दप्तर घेऊन स्टँडवर पळते आणि उशिरा पोचते. सरांनी तिला बजावलंय, बाहेर पोरांची रांग आहे, वेळेवर येणं जमत नसेल तर जागा दुसऱ्याला देईन.

बॅटरीचं दुकान असलेल्या खाजाभाईंकडून दोनदा चार्ज करून आणली. दिवसा गाडी पहिल्या किकला सुरू होते. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. तू गाड्यांच्या वायरिंगमध्ये हात काळे करणारा माणूस. काय काय बघायचं ते सविस्तर लिही, मी स्वतः बघते. दाजींना विचारून पाहा, असं मात्र लिहू नकोस. ते कामात असतात.

तुझी,
अक्का


औसा,
१९ जुलै १९९७

चि. रुद्रेश,

तू नांदेड-लातूर गाडीच्या कंडक्टरकडे दिलेलं पुडकं पोचलं. मीटर, वायरचे चिमटे आणि होल्डरमधला तो छोटा बल्ब, सगळं शाबूत. लातूरच्या स्टँडवर मी ते घ्यायला गेले तर कंडक्टर म्हणतो, ताई, हे मिस्त्रीसाठी हाय का? म्हटलं, मीच मिस्त्री. त्याला पटलं नाही असं दिसलं.

तू लिहिलंस त्या क्रमानं सगळं केलं. आधी बॅटरी. खाजाभाईंनी ती चार्ज करून आठवडाभर नुसती फळीवर ठेवली. उतरली नाही. म्हणजे बॅटरी चांगली. मग ती गाडीत बसवून इंजिन चालू केलं, मी मीटर धरलं आणि नंदानं ॲक्सिलेटर पिळला. काटा वर सरकला, लाल दिवा विझला. म्हणजे गाडी चालताना बॅटरी भरतेय. मग तुझा बल्ब. बॅटरीची एक वायर काढून मधे तो लावला, किल्ली बंद ठेवून. तू म्हणाला होतास, कुठं वायर सोलून गळती लागली असेल तर पेटेल. नाही पेटला. अंगणात बसून मी पाहतच राहिले, शेजारच्या केवळाबाई विचारायला लागल्या की हे कसलं व्रत धरलंय.

खाजाभाई म्हणतात, भाभी, गाडीत ऐब न्हाई. मलाही तसंच वाटतं. भरायची तेवढी भरते, उभी असताना गळत नाही. तरी पहाटे रिकामी. ती वीज रात्रीत जाते कुठं, हे तूच सांग.

तू शेवटी विचारलंस, दाजी गाडी कुठं आणि कशी चालवतात? या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. कधीमधी संध्याकाळी एकटे निघतात, शेताच्या रस्त्यानं जाऊन येतात. चालवतात चांगली, पूर्वीसारखीच. पण भूकंपानंतर त्यांच्या मागे कुणी बसलेलं मी पाहिलेलं नाही. मी नाही, नंदा नाही, अडतीवरचे शिवप्पा मामा म्हातारे झालेत तरी त्यांनाही बसवत नाहीत. कंबर भरते म्हणतात. गेल्या वर्षी तुझ्याकडे बारशाला एसटीनं आलो आणि तू चिडवलंस, गाडी काय देवघरात ठेवलीय का, तेव्हा ते हसले. घरी आल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. मी विचारलं नाही. नवरा घरात आहे, कमावतो, पोरीवर जीव टाकतो; अशा माणसाला कशाला खोदून विचारायचं, असं मला वाटे.

सोमवारी नंदाला पुन्हा उशीर झाला. सरांनी वर्गाबाहेर उभं केलं. ती रात्री जेवली नाही. मला इतका संताप आला की त्या गाडीवर दगड घालावा वाटला. सरांनी आता पंधरवड्याची मुदत दिलीय. त्याच्या आत काय ते कळव, बाबा.

अक्का


औसा,
११ ऑगस्ट १९९७

प्रिय रुद्रेश,

तुझं पत्र एवढुसं होतं. गाडी झाकल्यावर थोड्या वेळानं टाकीखाली हात घाल, बंद गाडीची कॉइल गार असते, गरम लागली तर किल्ली चालू आहे, कॉइल बॅटरी पितेय. बस्स. खाली सहीसुद्धा नाही. तुला तेव्हाच कळलं होतं ना?

दाजी रोज दिवेलागणीला गाडी झाकतात. ताडपत्री आहे ती, भूकंपानंतर मदतीत वाटलेली. जेवणं झाल्यावर मी भांडी टाकायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि खालून हात घातला. कॉइल पोळत होती. ताडपत्री उचलली तर लाल दिवा लागलेला. किल्ली बंद केली आणि झाकण होतं तसं ओढून घेतलं.

पहिला संशय मला नंदाचा आला. वाटलं, पोरीला अभ्यास झेपत नसेल, क्लासला जायचं नसेल. तिला परसात नेऊन मी नको ते बोलले. ती रडली आणि म्हणाली, आई, मला तिथं बसायला मिळावं म्हणून मी देवाला हात जोडते, आणि तू हे म्हणतेस. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली काढून कमरेला खोचली. संध्याकाळी दाजी आले, किल्ली दे म्हणाले, गाडी झाकायची हाय. मी म्हटलं, झाकायला किल्ली लागत नाही. ते तिथंच पायरीवर बसले. मग म्हणाले,

"गाडीत काई न्हाई, सुकन्या. मीच फिरवून ठेवतो."

त्यांनी मग जे सांगितलं ते तुला लिहिते. भूकंपाच्या दिवशी ते सकाळीच गाडी घेऊन किल्लारीच्या बाजूला गेले, हे तुला माहीत आहे. दोन दिवसांनी परत आले, आंघोळ केली, झोपले. आम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं, तूही. तिथं काय पाहिलं ते कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तिथं ढिगाऱ्यातून एक मुलगी जिवंत निघाली होती. ट्रक, जीप, सगळं जखमी मोठ्या माणसांनी भरलेलं. कुणीतरी तिला यांच्या मागे बसवलं आणि पडू नये म्हणून धोतरानं पाठीला बांधलं. हे लातूरच्या दवाखान्याकडे निघाले.

"झोपू नको म्हणून बोलत राहिलो. लामजना गेलं, औसा आलं. आपल्या दारावरनं गेलो तवा तिला म्हणलं, हे माझं घर, माझी पोरगी तुझ्याएवढीच हाय, बरी झालीस की इथं ये. दवाखान्यात सोडून घेतली तर डाक्टर म्हणले, हिला जाऊन लई येळ झालाय. म्हंजी मी कुणाशी बोलत होतो गं?"

रुद्रेश, मी त्यांच्या शेजारी बसून रडले. चार वर्षं हा माणूस माझ्याजवळ झोपतोय, जेवतोय, आणि मी त्यांची कंबर शेकत होते.

जूनमध्ये एकदा त्यांनी नंदाला मागे घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं. बाप-लेक वेशीपर्यंत गेले. नंदा मनात काहीतरी घोकत होती, त्यामुळे गप्प. पाठीवर तिचा भार आणि मागून शब्द नाही. त्यांनी गाडी शेणाच्या उकिरड्यात घातली. तिला म्हणाले, टायर घसरला. त्या दिवसापासून बॅटरी रोज उतरायला लागली. पोरीला नाही म्हणायचं तोंड नाही, आणि कारण सांगायचं धाडस नाही. मग बॅटरीवर ढकललं. दुसरं काही बिघडवलं असतं तर तुझ्या गाडीचं नुकसान झालं असतं, म्हणाले. हसावं की काय करावं, सांग.

हा राग धरण्यासारखा गुन्हा नाही, हे मी तुला अगोदरच सांगून ठेवते. मला मात्र राग आला. त्यांच्यावर नाही. ते परत आले तेव्हा त्यांना ओळीनं शाबासकी देऊन आपापल्या कामाला लागलेल्या आम्हा सगळ्यांवर.

मग मी म्हटलं, तुम्ही चालवू नका. मला शिकवा. ते म्हणाले, साडीवर? मी म्हटलं, साडीखाली नंदाची सलवार घालीन. रविवारी धान्याचा मोंढा मोकळा असतो, तिथं शिकवलं. चार पावलं मागं धावत आले, ओरडले, क्लच सोड, हळू सोड. मी दोनदा पडले. हमालांची पोरं पोत्यांवर बसून टाळ्या वाजवत होती. तुझे दाजी शिकवतात फार चांगलं. लग्नानंतर एवढ्या वेळा माझं नाव त्यांनी घेतलेलं मला आठवत नाही. लायसन काढायला टाकलंय. औशात काय बोलतात ते विचारू नकोस. केवळाबाई म्हणाल्या, बाईनं असं टांग टाकून बसावं का? त्यांना म्हटलं, एका बाजूला पाय सोडून बसलं तर गिअर पडत नाही.

नंदाची जागा वाचली. मुदत संपायच्या आत मी तिला वेळेवर पोचवलं. सरांनी मान डोलावली, एवढंच.

पण पहिल्याच दिवशी प्रश्न आला, परतताना अंधारात मी एकटी कशी येणार. दाजी म्हणाले, मी येतो. मी पुढं, मधे नंदा, आणि सगळ्यात शेवटी ते. त्यांच्या मागे कुणी नाही. तिघं बसणं कायद्यात बसत नाही हे तू सांगायची गरज नाही. लातूरच्या नाक्याच्या अलीकडे ते उतरतात, टपरीवर चहा घेतात, मी नंदाला सोडून त्यांना उचलते.

आधी आठवडाभर ते मागे दगडासारखे बसत. लांब हात करून माझा खांदा धरत, तो हात गार असायचा. काल मात्र वेशीबाहेर पडल्यावर त्यांनी तोंड उघडलं. विषय काय, तर सोयाबीनचा भाव, शिवप्पा मामांचा जावई, नंदाच्या सरांच्या मिशा. वाऱ्यात निम्मं ऐकू येत नव्हतं. तरी थेट लातूरपर्यंत ते बोलत राहिले, आणि आम्ही दोघी एकेका वाक्याला हाव, हाव म्हणत हुंकार देत राहिलो.

मीटर कंडक्टरकडे परत देतेय. दसऱ्याला औशाला ये. दाजींना गाडीचं काही विचारू नकोस, नुसता त्यांच्याजवळ बस.

दाजींना पाठीशी घेऊन निघालेली,
तुझी अक्का