चौथ्या मजल्यावरची भाकर

बाबा, शनिवारची दुपार आहे. बायको लेकीला घेऊन तिच्या शाळेसाठी पुण्याला परतली, तेव्हापासून जपानातल्या इचिकावाच्या या फ्लॅटमध्ये मी एकटाच असतो. उद्या इथल्या चर्चच्या छोट्या जपानी मंडळीला उत्तर द्यायचंय, मी त्यांचा सेवक होणार की नाही. इथे त्याला शित्सुजी म्हणतात. आपल्या मंडळीत तुम्ही आयुष्यभर होतात, तेच.

हे ओढवून घेतलं माझ्याच तोंडाने. उपदेशाच्या ओघात पाळक म्हणाले, पहिला ख्रिस्ती हुतात्मा येशूच्या बारा प्रेषितांपैकी होता. चहाच्या वेळी मी सगळ्यांसमोर सांगितलं, "सेन्सेई, तो प्रेषित नव्हता. विधवांना अन्न नीट मिळेना, म्हणून नेमलेल्या सातांपैकी होता. पंगतीत वाढणारा माणूस." कॉलेज अर्धवट सोडून कोडिंग, जपानी आणि बायबलपुरतं ग्रीक मी आपलं आपण शिकलोय, चूक कानाला सहन होत नाही. पाळक हसले. "मग वाढायलाही तुम्हीच जा." आणि प्रभुभोजनाची भाकर घराबाहेर पडू न शकणाऱ्या एका आजीबाईंना दर रविवारी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. चौथा मजला, लिफ्ट नाही.

जिना चढताना तुम्ही आठवता. मी लहान आहे, आई जाऊन तेव्हा वर्ष झालंय. एसटीच्या वर्कशॉपमधलं ग्रीस नखांतून जावं म्हणून तुम्ही आधी रॉकेलने हात धुता, मग साबणाने, मग पांढऱ्या रुमालात भाकर बांधता. मला सायकलच्या दांडीवर बसवून खाटेला खिळलेल्या विधवा मावशींकडे नेता. भाकर देऊन निघायचं सोडून त्यांच्या गुडघ्यांची कहाणी ऐकत बसता. माझ्या डोक्यात हुतात्म्यांच्या गोष्टींतले सिंह आणि रोमन आखाडे. "मीपण हुतात्मा होणार," मी परतताना म्हणतो. "हो की," तुम्ही पेडल मारत म्हणता, "पण मरायला एकदाच जावं लागतं, बाळा. मावशींकडे दर रविवारी."

तेव्हा अपमान वाटला होता. आता वाटतं, तुमचंही थोडं चुकलंच. ही दोन कामं वेगळी नव्हती. ज्याच्या हातात वाढप होतं, त्यालाच सगळ्यांत आधी दगडांनी ठेचून मारलं. आणि दुसऱ्या दिवशी त्या विधवांच्या दारी कोण गेलं, हे कुठे लिहिलेलं नाही. मी शोधलंय.

गेल्या रविवारी आजीबाईंनी दार उघडताच टोमणा मारला, "उशीर केलात. रोमन शिपायांनी धरलं की काय?" हुतात्म्यांच्या सगळ्या गोष्टी माझ्या त्यांना सांगून झाल्यात. भाकर घेतल्यावर त्यांनी संत्रं सोललं, अर्धं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा." मी बसलो. सुनेबद्दलच्या तक्रारी अंधारून येईपर्यंत ऐकल्या.

आठवडाभरात मला "बसा" म्हणणारं ते एकच दार आहे, बाबा. तुम्ही मावशींकडे इतका वेळ का बसायचात, ते विचारायचं राहून गेलं. उद्या मी हो म्हणेन. आजीबाईंसाठी म्हणतोय, असं सगळ्यांना वाटेल, आणि ही एक चूक मी दुरुस्त करणार नाही.