पाहुणीचा फॉर्म

४ जुलै
एसटीची ड्यूटी, मंगरूळपीर–वाशिम. एका बाईला तिकीट देऊन सुटे द्यायचे विसरले, तीही विसरली, मग मागं वळताना दोघींनाही आठवलं.
माझा भाऊ सुमेध बुधवारी परत गेला. कॅनडात पोचल्या पोचल्या फोन: "ताई, यशूचं पोलिसात कळवायचं राहूनच गेलं." यशू त्याची पोरगी, माझी भाची, सहा वर्षांची. जन्म तिकडचा, पासपोर्टही तिकडचा. परदेशी नागरिक घरी उतरला की चोवीस तासांत ठाण्यात सांगावं लागतं म्हणे. इथं आठवडा उलटून गेला.
फेब्रुवारीत प्राची, यशूची आई, गेली. तेव्हापासून सु.ला नोकरी आणि पोर दोन्ही झेपेना, म्हणून आणून सोडली. किती दिवसांसाठी ते तो बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही.

५ जुलै
सुट्टी. ठाण्यात गेले, यशू सोबत. जय भीम झाला, कॉन्स्टेबलनी खुर्ची दिली.
"लॉज हाये का तुमचं?"
"नाही जी, घर हाये."
"मंग कायले आल्या? हे तं लॉजवाले भरतात."
भाची परदेशी आहे म्हटल्यावर त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग यशूकडे. "हे? हे तं तुमच्यासारखीच दिसते."
शेवटी सेतू केंद्रात जाऊन तो फॉर्म ऑनलाइन भरला. तिथल्या बाई विचारत गेल्या. हॉटेलचं नाव? खोल्या किती? दोन. एसी? नाव टाकल्याशिवाय पुढं सरकेना, म्हणून त्यांनीच टाकलं, ‘रत्ना हाऊस’. माझ्या नावाचं हॉटेल झालं. ‘येथून पुढे कोठे जाणार’ हेही सक्तीचं. कुठंच नाही म्हटलं तर ते घेईना. वाशिम टाकलं.
आईला घरी सांगितलं. "नातीले पाव्हनी लिवून आली काय वं?" बराच वेळ ताटावर बसली नाही. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. काहीच येत नाही हल्ली.

९ जुलै
यशूला जि. प. शाळेत बसवलं. हेडमास्तर चांगले आहेत. बसू द्या म्हणाले, पण आधार नाही तोवर ऑनलाइन पटावर नाव यायचं नाही. म्हणजे वर्गात आहे, पटावर नाही.
खिचडीच्या रांगेत ती मागंच उभी राहिली. स्वयंपाक करणाऱ्या सिंधूबाईंनी ओढून पुढं घेतली. "पोटाले आधार कायले लागते? आन तुहं ताट."

१६ जुलै
वाशिम. गाडी सुटायला अवकाश होता, परदेशी नागरिकांचं बघतात त्या ऑफिसात जाऊन आले. मॅडमनी नीट समजावलं. व्हिसा सप्टेंबरअखेर संपतो. त्याआधी परत जा, नाहीतर ओसीआय कार्डाला अर्ज करा. ते मिळालं की जन्मभर राहता येतं. त्याला आईबापाचे पासपोर्ट, लग्नाचा दाखला, आईच्या मृत्यूचा दाखला. आणि मुख्य म्हणजे बापाची नोटरीसमोर सही, की पोरगी आत्याकडं राहायला माझी हरकत नाही.
"माझी सही नाही चालत का?"
"आत्या म्हंजे कायद्यात कोनी नसते, ताई."
प्रेमानंच म्हणाल्या. चहाही विचारला. गाडी दहा मिनिटं उशिरा सोडली, ड्रायव्हर कुरकुरला.

२४ जुलै
सु.चं कुरिअर आलं. सगळं आहे, फक्त संमती नाही. लग्नाचा दाखला इंझोरी ग्रामपंचायतीचा. त्या लग्नात विहारासमोर मी किती नाचले होते.
प्राचीचा पासपोर्टही आहे, रद्द केलेला. रद्द करताना कोपरा कापतात.
यशूनं विचारलं, "मम्माचा कोपरा कोणी कापला?"
ऑफिसात कापतात म्हटलं. ती कापल्या जागी बोट लावून बसली. मी भाकरी भाजत राहिले. प्राचीशी माझं सख्ख्या बहिणीसारखं जमायचं. रडायला हवं होतं मला. एक भाकरी करपली तेवढंच.

२ ऑगस्ट
सु. फोन उचलत नाही. मेसेज वाचतो, निळ्या खुणा दिसतात.
शेलूबाजारला एका म्हाताऱ्याला भलत्याच गावाचं तिकीट फाडून दिलं. "पोरी, इतक्या दूर मले कोनी ओयखत नाई," म्हणाला. गाडी हसली.
यशू आता ‘का’ म्हणत नाही, ‘काहून’ म्हणते.

७ ऑगस्ट
सु.चा फोन आला एकदाचा. सोमवारी नोटरीची वेळ मिळालीय. "एक तर राहायची संमती देतो, नाहीतर सप्टेंबरचं तिकीट काढतो. माझं डोकं चालत नाही, ताई. तू सांग."
"बाप तू आहेस का मी?"
मग म्हणाला, "कामावरून येतो ना, तर लाइट लावावासाच वाटत नाही घरातला."
रविवारी फोन कर म्हटलं आणि ठेवला.

८ ऑगस्ट
आईला विचारलं. "त्याच्यात इचारते काय? पोरगी आपली हाये. राहू दे."
आईचं सोपं आहे. माझी पहाटेची ड्यूटी, आईचे गुडघे, हे आहेच. पण खरं ते नाही. लग्न मोडून इथं आले, तेव्हापासून घरात कोणी वाट बघेल ही आशाच सोडली होती. आता ही पोरगी बसथांब्यावर येऊन उभी राहते. मला ती हवी आहे. एवढं लिहायला संध्याकाळ गेली.
आणि राहा म्हटलं तर आई नसलेल्या पोरीचा बापही मीच तोडला असं होतं. जा म्हटलं तर त्या अंधाऱ्या घरात पाठवते.

१० ऑगस्ट, रविवार
उद्या सोमवार. वेणी घालताना शेवटी यशूलाच विचारलं. पप्पाकडं जायचं, की इथं राहायचं?
मान न वळवता म्हणाली, "मले नोको इचारू, आत्या."
अस्सल आमच्या बोलीत. आतून आईच्या भांड्यांचा आवाज थांबला. छातीत काहीतरी हललं, कितीतरी महिन्यांनी. सहा वर्षांच्या पोरीला मी हे विचारायला नको होतं.
तेवढ्यात फोन वाजला. सु.चाच. यशूनं आणून माझ्यापुढं धरला आणि पुन्हा पाठ करून बसली, दुसरी वेणी राहिली होती. वाजून बंद झाला. परत वाजला.
हात तेलाचे होते म्हणून उचलला नाही, असं त्याला सांगेन.