दोघाईले एकच पत्र

कोहका, भिलाई

प्रिय आई,

जयभीम. मी मजेत आहे, डबाही चांगला भेटते. गोंदियात थंडी पडली का? तुये गुडघे कसे आहेत?

आता मी इथल्या कॉलेजात मानसशास्त्राची प्रोफेसर झाली. नवरा-बायकोचं भांडण कसं समजून घ्यावं, हेच पोराईले शिकवा लागते.

सोमवारी वर्गात नाव न घेता तुमचंच उदाहरण देल्लं. "तुया मायले सांग, भाजीत मीठ नाही." "तुया बापाले सांग, डबी समोरच आहे." अन् मधात मी, दोघाईचे निरोप पोचवणारी. तुमच्या आवाजाची नक्कल केली. सारा वर्ग हासला. मीही हासली.

नंदिनी नगरची एक पोरगी तेवढी हासली नाही. म्हणे, "मॅडम, वो बच्ची थकती नहीं थी?" मी मान खाली घालून हजेरी घेत बसली. तवापासून तुमाले फोन कराची लाज वाटून राहिली.

आजवर दोघाईले फोनही वेगवेगळा केला. म्हणून हे एकच पत्र. बाबाचा चष्मा फुटला आहे, त्याईले तूच वाचून दाखव. ते काही बोलले, तर मले सांगू नको. त्याईलेच उत्तर दे.

तुयी,
करिष्मा